उलटी बाजू

ठसा सागवानी, वीतभर.
फैजपूरच्या रंगारी गल्लीतून माझ्याकडे आला.
मधली कितीतरी वर्षं लोणच्याच्या बरणीवर
झाकण म्हणून बसलेला.
कडा खारानं खाल्ल्यात.

आजोबा, नथू रंगारी, ‘ळ’ म्हणत नसत.
डोया, केयी, काया,
आणि निळ्याला निया.
पिंपात बुडवून बुडवून कोपरापर्यंत निया हात,
देवाला फूल वाहतानाही निया.

पहिला झेंडा त्यांनी रंगवला तेव्हा
पांढरा वर होता, हिरवा मधे, तांबडा खाली.
तांबड्यासाठी आलाच्या मुळ्या कुटल्या.
मग काही वर्षांनी निरोप आला,
तांबडा गेला, केशरी आला, आणि तोही वर.
“बरं,” म्हणाले.
सातपुड्यातून दोन पोती पळसफुलं उतरवली.
हिरव्यासाठी निळीवर हळदीचं पाणी.
सगळ्यात अवघड पांढरा.
त्याला रंगवायचं नसतं, नुसतं राखायचं असतं,
दोन ओल्या शेजाऱ्यांच्या मधे.

त्या पांढऱ्यावर चरखा.
हाच ठसा.

खादी विरळ, रंग आरपार जायचा.
पुढून बघावं तर चरखा जसा हवा तसा.
मागून बघावं तर
चाक इकडचं तिकडे, चाती तिकडची इकडे.
डावखुरा चरखा.

जमनाआत्या डावरी.
जेवताना तिचा डावा हात
ओढणीनं पाठीशी बांधून ठेवत.
शाळेत पाटीवर ग काढला
की छडी डाव्या तळहातावरच.
प्रभातफेरीत मात्र ती मुद्दाम
झेंड्याच्या त्या अंगाला चालायची
जिकडून तो उलटा दिसतो.
“हा माहा,” म्हणायची.
बाकीच्या पोरी हसायच्या.

सत्तेचाळीसचा जुलै.
तीन दिवसांचं शिळं वर्तमानपत्र,
भिरूड मास्तर ओट्यावर बसून मोठ्यानं वाचतायत :
चरखा जाणार, नुसतं चाक राहणार.
का, तर झेंडा दोन्हीकडून सारखा दिसायला हवा.
छापलेल्या चित्रात आरे एकमेकांत मिसळलेले,
शाईचा एक फुगीर डाग.
“चोवीस,” मास्तर म्हणाले, “चोवीस धर.”

आजोबांनी आत्याची बांगडी मागितली,
लाकडावर ठेवली, भोवतीनं पेन्सिल फिरवली.
मध्यापासून कडेपर्यंत सुतळी ताणली.
तीच सुतळी कडेनं मोजत गेलं
की बरोबर सहा वेळा बसते,
कुणी शिकवलं नव्हतं, बोटांना ठाऊक होतं.
सहाचे बारा. बाराचे चोवीस.
तेविसाव्या आऱ्याला टवका उडाला.
दुसरं लाकूड घेतलं.

आत्या शेजारी उकिडवी.
“मंग मांगून कोन कातते, बा?”

पटाशी थांबली.
“कोनीच नाही, पोरी.
याले मांगची बाजूच नाही.”

पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात
तिनं खांबाला एक फेरी घातली,
मग दुसरी.
उगवतीकडून तेच, मावळतीकडून तेच.
रांगेत उभी राहा म्हणून मास्तर ओरडले
तेव्हा तिचा डावा हात कपाळाशी होता
आणि त्या दिवशी कुणी तो खाली ओढला नाही.
घरी आल्यावर बोलली एवढंच,
“निया छान बसला.”

पुढे ती सावद्याला दिली.
बँकेत सही डाव्या हातानं करायची,
कारकुनाकडे रोखून बघत.
ठसा तिच्यासोबत गेला होता,
हे मला बरणी रिकामी करताना कळलं.

काल दातांच्या ब्रशनं घासला.
मेथीची डाळ निघाली, तेल निघालं,
आणि अगदी आत, खाचेत,
नखभर निया.
ठशावर सगळं उलटं कोरतात,
सुलटं उमटावं म्हणून.
म्हणजे लाकडात तो पहिल्यापासून
डावखुराच.

कापड आणलंय. रंगही कालवलाय.
अजून छापलेला नाही.